घाटात न्यूट्रल नको, खालचा गिअर हवा



15 ऑगस्टला मासेमारीची बंदी संपली की आपल्या राजेगावातून माल निघायला लागतो. गोंदिया काय, बालाघाट काय, रस्ता सपाट. पण बैहर-मलाजखंडकडच्या बाजाराला जायचं तर गांगुलपाऱ्याचा घाट चढावा लागतो आणि परतताना तोच उतरावा लागतो. उतरताना आपल्यातले बरेच जण गाडी न्यूट्रलला टाकतात. याबद्दल आज स्पष्ट बोलायचं आहे. ड्रायव्हरशी थोडं, मालकांशी जास्त.

पोरगं न्यूट्रल का करते? कारण गाडी परत आली की आम्ही मालक पहिला प्रश्न विचारतो, "लिटरमागे किती दिला?" ब्रेक तापले होते का, हे कोणी विचारत नाही. मग तो बिचारा उतारावर डिझेल वाचवतो. त्याला वाटते फुकटात गाडी पळून राहिली.

पण हा हिशोबच चुकीचा आहे. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिनाला डिझेल जाणंच बंद होते. चाकंच इंजिनाला फिरवतात. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, आणि इंजिन चालू ठेवायला पुन्हा डिझेल जाळावं लागते. म्हणजे घाटात न्यूट्रल करणारा डिझेल वाचवत नाही, उलट जास्त जाळतो.

काही जण तर इंजिनच बंद करतात. हे त्याहून वाईट. ब्रेक हलका दाबला जावा म्हणून जो बूस्टर असतो, त्याला हवेची ओढ इंजिनाच्या पंपाकडून मिळते. इंजिन बंद झालं की दोन-चार वेळा ब्रेक मारल्यावर पेडल दगडासारखं कडक होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते.

पुण्याच्या नवले पुलाजवळ 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री काय झालं ते अनेकांनी मोबाईलवर पाहिलं असेल. साताऱ्याकडून येणारा ट्रक कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या लांब उतारावर सुटला आणि वीसहून अधिक गाड्यांना धडकला. आधी सगळे म्हणाले ब्रेक फेल झाले. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं की डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं.

आता ब्रेकचं पाहू. समजा भरलेली पिकअप सगळी मिळून 3 टन आहे आणि 300 मीटर खाली उतरायची आहे. हा सगळा जोर एकट्या ब्रेकवर टाकला तर जेवढी उष्णता तयार होते, तेवढ्यात सुमारे 26 लिटर गार पाणी उकळीला येईल. एवढी आग चार चाकांतल्या लायनरनी सोसायची. घाटाच्या पायथ्याशी जो जळका वास येतो, तो याचाच. लायनर तापले की पकड सोडतात. जुन्या, पाणी धरलेल्या ब्रेक ऑइलला 140-150 अंशांच्या आसपासच उकळी फुटू शकते. मग त्यात वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते.

म्हणून हे वजन इंजिनाने अडवायचं. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतर. नव्या गाडीत एखादा गिअर इकडेतिकडे होईल, पण नियम तोच. आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. गाडी सुटल्यावर एकदम दुसरा टाकला तर इंजिन किंचाळते, आणि पावसात रिकाम्या पिकअपचं मागचं चाक घसरते. वेग वाढला तर ब्रेक थोडा जोरात मारून वेग कमी करायचा आणि सोडून द्यायचा. पाय सतत ब्रेकवर ठेवायचा नाही. डिझेल इंजिनाची स्वतःची रोक पेट्रोलपेक्षा कमी असते, म्हणून एक गिअर आणखी खाली गेलेलं बरं.

आता ऑटोमॅटिक गिअरच्या डिझेल पिकअपही निघाल्या आहेत. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा. जुनी घ्यावी का, असं दोघा-तिघांनी आम्हाला विचारलं. घ्या, पण गाडी सगळं आपोआप करील या भरवशावर राहू नका. 'डी'मध्ये पाय उचलला की बऱ्याच गाड्या वरच्या गिअरमध्ये जातात, म्हणजे उतारावर नेमकं उलटं. तेव्हा गिअरचा दांडा हाताच्या मोडवर घेऊन खालचा गिअर स्वतः धरावा. चढावरही मागे ओझं असलं की ऑटोमॅटिक गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत राहते आणि गिअरचं तेल तापवते. तिथेही एक गिअर धरून ठेवावा.

फायबरचा डोंगा एका तलावावरून दुसऱ्यावर नेताना मागे ट्रॉली जोडत असाल तर दुप्पट सांभाळा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, उतारावर ती गाडीला मागून ढकलते. वळणावर कचकन ब्रेक लागला तर तीच गाडीला आडवी करते.

आमचं म्हणणं असं आहे. मालकांनी घाटाच्या दिवशी ॲव्हरेज विचारणं बंद करावं आणि ड्रायव्हरला अर्धा तास जास्त द्यावा. माशाबरोबर बर्फाचंही वजन धरावं. उन्हाळ्यात जेवढा मासा जवळपास तेवढाच बर्फ असतो, आणि आर.सी. बुकावरचा आकडा दोन्ही मिळून आहे. येताना भाड्याचं ओझं मिळालं तर तेही त्याच मापात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. आणि न्यूट्रलमध्ये उतरणार नाही, हा ठराव सोसायटीच्या पुढच्या बैठकीत सगळ्या गाडीवाल्यांनी मिळून करावा.

कतला-रोहू एक दिवस कमी भावात गेला तर दुसऱ्या दिवशी भरून निघते. स्टिअरिंगवर बसलेलं पोरगं आपल्याच कोणाच्या तरी घरचं असते. त्याची माय रात्री दारात वाट पाहत असते.

सांभाळून उतरा.