देवाला चालते, ती देहाला का चालू नये?

सणाचा अंक हातात घेऊन बसलेल्या वाचकांपुढे पाळीचा विषय काढणे काहींना रुचणार नाही, हे मी जाणून आहे. फराळाच्या ताटाशेजारी हे काय, असे एखादे आजोबा म्हणतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे की, ज्या घरात आपण चकली खात आहात, त्या घरात ती चकली तळणाऱ्या बाईच्या देहाला या घटकेला काय सोसावे लागते आहे, हे आपणांस ठाऊक नाही; आणि ते ठाऊक होऊ नये अशीच आपली सारी घरगुती व्यवस्था आहे. माझे भांडण आहे ते त्या व्यवस्थेशी.

तालुक्याच्या गावी औषधाचे दुकान चालविताना मला तीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात एक गोष्ट मला पंचांगासारखी पाठ झाली आहे. हरितालिका, गौरी, नवरात्र, दिवाळी असे मुक्काम जवळ आले, की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मागणी येते. लग्नसराईत येते, सत्यनारायणाला येते, वारीला निघण्याआधी येते. त्या न्यायला कधी सासूबाई येतात, कधी यजमान येतात, कधी शाळकरी मुलगा वहीच्या कागदावर नाव लिहून आणतो. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये असे छापलेले असते. ती चिठ्ठी मी मागितली, की उत्तर ठरलेले: “अहो ताई, उद्या गौरी यायच्या घरात, आणि चिठ्ठी कसली मागता?” जिला गोळी घ्यायची तिचा रक्तदाब किती, तिला पूर्वी कसले दुखणे झाले आहे, हे विचारायला त्या घरात कोणालाही सवड नसते. देवासाठी आहे ना? मग चालते.

आता दुसरी बाजू पाहा. सतरा वर्षांची मुलगी दर महिन्याला दोन दिवस अंथरुणाला खिळते, वर्गात चक्कर येऊन पडते, दर तासाला घडी बदलावी लागते म्हणून परीक्षेचा पेपर अर्धा सोडून उठते. डॉक्टर तिला तपासतात, रक्त तपासतात, सोनोग्राफी करवितात आणि हार्मोनच्या गोळ्या लिहून देतात. आणि जे घर गणपतीत एकही प्रश्न न विचारता तसल्याच गोळ्या घेऊन गेले, तेच घर आता चिठ्ठी हातात धरून माझ्यापुढे उभे राहते आणि कुजबुजते, “हार्मोनच्या आहेत म्हणे! पोरीला पुढे मूलबाळ व्हायचे नाही. त्यापेक्षा नुसते टॉनिक द्या.” हा जो दुटप्पी हिशेब आहे, त्याविरुद्ध मला आज बोलावयाचे आहे.

प्रथम या गोळ्या आहेत तरी काय, ते पाहू. गर्भाशयाचे आतले अस्तर दर महिन्याला वाढते आणि गर्भ न राहिल्यास गळून पडते, तीच पाळी. या वाढीला आणि गळण्याला हुकूम देतात ती बीजकोशांतली दोन द्रव्ये, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. बाहेरून दिलेली गोळी हाच हुकूम बदलते. प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य पोटात जात राहिले, की अस्तर टिकून राहते. थांबले, की दोन-तीन दिवसांत रक्त जाऊ लागते. ती रोज ठरल्याप्रमाणे घेत राहिले, तर अस्तर मुळातच पातळ राहते, म्हणून रक्तही कमी जाते आणि कळाही कमी येतात. कारण कळा उठविणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये त्या अस्तरातच तयार होतात. सणापुरती आपण जी नॉरएथिस्टेरोनची गोळी घेतो, ती 1951 साली मेक्सिको शहरातील एका प्रयोगशाळेत प्रथम तयार झाली. आणि ज्या ‘पिल’च्या नावाने आजही नाके मुरडली जातात, तिला अमेरिकेच्या सरकारने पहिली मान्यता 1957 साली दिली ती पाळीच्या तक्रारींवरचे औषध म्हणून. संततिनियमनासाठी तिला परवानगी मिळाली ती त्यानंतर, 1960 साली. म्हणजे पाळीच्या दुखण्यावरचे औषध हाच तिचा थोरला व्यवसाय; दुसरा मागाहून आला. आपण मात्र धाकट्याच्या नावावरून थोरल्याला बदनाम करीत बसलो आहोत.

“पण बायकांना दुखायचेच. आम्हांला नाही का दुखले?” हे वाक्य मी पुरुषांपेक्षा बायकांच्या तोंडून अधिक ऐकते, आणि म्हणूनच ते अधिक जिव्हारी लागते. दुखण्याला माप असते. साधारण पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जाते. ऐंशीच्या वर गेले, तर वैद्यकशास्त्र त्याला अतिस्राव म्हणत आले आहे. घरी माप घेऊन कोणी बसत नाही, म्हणून खुणा सांगते. तासा-दोन तासांला घडी भिजत असेल, रात्री उठून बदलावी लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सात-आठ दिवसांपुढे लांबत असेल, किंवा पाळीच्या भीतीने कामाचे, प्रवासाचे बेत मोडावे लागत असतील, तर ते दुखणे आहे. आणि दुखण्याला उपचार असतो. आपल्या महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी शंभरात चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदले. हे सारे पाळीमुळेच होते असे मी म्हणत नाही. ताटात शेवटी उरते ते खाणे, हेही त्याचे मोठे कारण आहे. पण एका हाताने कमी वाढायचे आणि दुसऱ्या वाटेने वाहू द्यायचे, आणि वर “हल्ली हिला दम फार लागतो” म्हणून आश्चर्य करायचे, याला काय म्हणावे?

आता आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप मूल न होण्याचा. गोळी चालू असेतो बीज सुटत नाही, हे खरे. ती बंद केली, की बहुतेकींची पाळी आणि गर्भ राहण्याची पात्रता काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. दुसरा आक्षेप कर्करोगाचा. त्याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे नाही, आणि तसे देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दोन्ही द्रव्यांची संयुक्त गोळी चालू असता स्तनाच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो आणि ती सोडल्यावर हळूहळू उतरतो. अनेक वर्षे घेतल्यास गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाचाही थोडा वाढतो. उलट बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका तीच गोळी कमी करते, आणि हा लाभ गोळी सोडल्यावरही पुष्कळ वर्षे टिकतो. तिसरा आक्षेप, “अविवाहित मुलीने असल्या गोळ्या घ्यायच्या?” याला उत्तर देणे माझ्या जिवावर येते. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. आणि एवढे झाल्यावरही मुलीच्या औषधाच्या डबीवरून तिचे चारित्र्य ओळखणारे पंडित आपल्यात शिल्लक आहेतच!

इथवर वाचून कोणाला वाटेल, की या बाई गोळ्या खपवायला निघाल्या. तसे नाही. माझा राग बिनचौकशीने दिलेल्या गोळीवर तितकाच आहे. या औषधाला दात आहेत. संयुक्त गोळीने शिरांत रक्ताची गाठ धरण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांत वर्षभरात सुमारे दोघींना अशी गाठ होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त संयुक्त गोळी घेणाऱ्या दहा हजारांत पाच ते सात जणींना. धोका लहान आहे, पण ज्यांना तो मोठा असतो त्यांना आधीच ओळखता येते, आणि हेच चिठ्ठीचे प्रयोजन. जिला पूर्वी पायात वा फुप्फुसात गाठ झाली आहे, रक्तदाब चढलेला आहे, डोळ्यांपुढे लकाकी येऊन मग अर्धशिशी उठते, यकृताचे किंवा स्तनाच्या कर्करोगाचे दुखणे आहे, जी पस्तिशीपुढे धूम्रपान करते, किंवा जिचे तान्हे अंगावर पिते आहे, तिने ही संयुक्त गोळी घेऊ नये. क्षयावरचे रिफॅम्पिसिन आणि फेफऱ्यावरची काही औषधे या गोळीचा जोर मोडतात. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. आणि सणाची म्हणून जी गोळी दिवसातून तीनदा घेतली जाते, तिचाही थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून गाठीचा धोका असणारीने तीही मनाने घेऊ नये. शिवाय पाळी ढकलण्यापुरती घेतलेली ही गोळी गर्भ राहण्यापासून रक्षण करील असा भरवसा धरू नये. घेता घेता एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, धाप लागली किंवा एकाएकी बोलणे अडखळले, तर सकाळची वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

तेवढेच महत्त्वाचे हे, की रक्त का जाते ते आधी शोधले पाहिजे. गर्भ राहिला आहे का, थायरॉइड बिघडले आहे का, गर्भाशयात गाठी आहेत का. पहिल्या पाळीपासूनच अतोनात जात असेल तर रक्त गोठण्यातच काही दोष आहे का. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर, किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसले, तर गोळीने ते झाकू नये, तपासणी आधी. आणि हार्मोन नको असणाऱ्यांनाही वाट आहे. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने कळा आणि काही अंशी रक्तही कमी होते, ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडने अनेकींचे रक्त निम्म्यापर्यंत उतरते. गर्भाशयात बसविण्याचे लेव्होनॉर्जेस्ट्रेलचे साधन तर काही महिन्यांत स्राव फारच थोड्यावर आणते. यांतले कोणते कोणाला, हे मी गल्ल्यामागून ठरवू नये आणि शेजारणीने ओट्यावरून ठरवू नये.

आता शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर. जिथे साधी चौकशी आणि साधी गोळी पोहोचत नाही, तिथे सुरी पोहोचते. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या सुमारे ब्याऐंशी हजार बायकांची 2019 साली पाहणी झाली. त्यांतल्या तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी आधीच्या दहा वर्षांत काढली गेली होती. पुष्कळशा अजून चाळिशीच्याही आत होत्या. फडात खाडा पडला की दंड, राहायला पाल, न्हाणीघराचा पत्ता नाही. पाळी आणि अंगावरून जाणे ही तिथे चैन ठरते. “कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका,” असे कोणी सांगितले, की उचल घेऊन शस्त्रक्रिया होते. पिशवीबरोबर बीजकोशही गेले, तर पंचविशी-तिशीतच म्हातारपणाची हाडे येतात. शासनाच्या समितीने यावर अहवाल दिला, विधिमंडळात चर्चा झाली. पण मला सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘माला-एन’ची पाकिटे मोफत मिळतात, त्यांत एकवीस हार्मोनच्या आणि सात लोहाच्या गोळ्या असतात, त्या पाकिटाकडे पाळीच्या दुखण्यावरचे औषध म्हणून बोट दाखवणारे, रक्तदाब मोजून “ही घेऊन पाहा, तीन महिन्यांनी ये” म्हणणारे माणूस त्या बाईला किती वेळा भेटले असेल? “गोळीने वाईट होते” म्हणून गोळी नाकारणारा समाज पिशवी कापताना मात्र डोळ्याची पापणी हलवीत नाही.

म्हणून माझी मागणी अगदी थोडी आहे. सासूबाईंनी सुनेच्या पाळीची तारीख विचारायचीच असेल, तर ती पूजेसाठी न विचारता तिच्या प्रकृतीसाठी विचारावी. यजमानांनी गोळी आणायला येण्याऐवजी बायकोला घेऊन दवाखान्यात जावे. मुलीच्या वडिलांनी चिठ्ठी वाचताना घसा खाकरू नये. ते औषधाचे नाव आहे. आणि भाऊबीजेला ओवाळणी काय घालावी, असा ज्यांना दरसाल पेच पडतो, त्या भावांनी या वर्षी बहिणीच्या हिमोग्लोबिनच्या तपासणीचे पैसे ताटात घालावेत आणि तिच्याबरोबर स्वतः जावे.

घरातली पूजा बाईवाचून अडते, म्हणून आपण तिची पाळी थांबवितो. ती बाईच एक दिवस थांबली तर काय काय अडेल, त्याचीही यादी या सुट्टीत एकदा करून पाहावी.