डॉल्बीला वेसण, पण खोल 'बेस' आणायचा कुठून?

कर्जत, प्रतिनिधी

गणेशोत्सव तोंडावर आला, की कर्जत-खालापूर पट्ट्यातील बेंजो पथकांच्या तालमींना जोर चढतो आणि मंडळांचे कार्यकर्ते सुपारी ठरविण्यासाठी येऊ लागतात. दरावर घासाघीस होते, गाण्यांची यादी निघते आणि उठता उठता एक अट हमखास घातली जाते, 'बेस दणकून पाहिजे'. ही अट म्हणजे डॉल्बीने लावलेली सवय आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विसर्जन मिरवणुकीतील डीजे आणि डॉल्बीवरची बंदी उठविण्यास नकार दिला. त्यानंतरही भिंतीएवढे स्पीकर सर्वत्र हद्दपार झाले, असे कोणी म्हणणार नाही; मात्र पोलीस कारवाईची धास्ती घेतलेली मंडळे पुन्हा वाजंत्र्यांकडे वळू लागली, की छातीत घुमणाऱ्या खर्जाची अपेक्षाही ती सोबत घेऊन येतात. ही अपेक्षा पुरी करण्याचा भार पथकातील कीबोर्डवाल्यावर पडतो. हंगामाच्या कमाईतून एकच यंत्र घेता येणार असेल, तर ते कोणते घ्यावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे.

पथकांत सर्रास दिसणारा कीबोर्ड हा मुळात ध्वनिमुद्रित नमुने वाजविणारा संगणक. बेस गिटारचा आवाज आधी मुद्रित करून ठेवलेला असतो, पट्टी दाबली की तो बाहेर पडतो. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरची गोष्ट निराळी. त्यात ऑसिलेटर नावाचे मंडल विजेची कंपने तिथल्या तिथे निर्माण करते आणि फिल्टर त्यातील वरचे स्वरांश छाटून टाकतो. नॉब फिरवावा तसा आवाज बंद होतो, उघडतो, गुरगुरतो. मोठे बेस यंत्र बहुधा एका वेळी एकच स्वर वाजविते, आणि हा दोष नव्हे. खर्जात दोन स्वर एकत्र आले, की गोंगाटच होतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय असते, ती आपल्या मींडेच्या किंवा डग्ग्यावरच्या घिश्श्याच्या जवळ जाते. साध्या कीबोर्डवर नेमके हेच साधत नाही.

हे यंत्र महाराष्ट्राला नवे नाही. रॉबर्ट मूग यांच्या कंपनीचा मिनिमूग १९७० मध्ये आला आणि त्याच दशकाच्या पूर्वार्धात केर्सी लॉर्ड यांनी तो मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजविला. पुढे १९८२ मध्ये चरणजितसिंग या मुंबईतील वादकाने रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे बेसचे यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. टीबी-३०३ हे बेस गिटारवादकाची उणीव भरून काढण्यासाठी बनविलेले यंत्र. त्या कामात ते सपशेल अपयशी ठरले आणि १९८४ मध्ये बंद पडले. चरणजितसिंग यांनी मात्र त्यातील घसरते स्वर रागांच्या चलनासाठी वापरले. ध्वनिमुद्रिका खपली नाही. शिकागोत याच यंत्रावर 'अ‍ॅसिड हाऊस' घडले, ते १९८७ च्या सुमारास. २०१० मध्ये मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा जगाने या मुंबईकराची दखल घेतली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा महागातले यंत्र म्हणजे चांगला बेस, हे समीकरण इतिहासालाच मान्य नाही.

आजची बाजारपेठ पाहिली, तर निवड अवघड होण्याचे कारण टंचाई नसून रेलचेल हे आहे. मिनिमूगची कंपनीने २०२२ मध्ये नव्याने काढलेली आवृत्ती आपल्याकडे चार-पाच लाखांच्या घरात जाते. ती सोडून द्यावी. बेरिंजर कंपनीचा 'मॉडेल डी' हा २०१८ पासून मिळणारा स्वस्त अवतार. तीन ऑसिलेटर, मूगच्याच घाटाचा चोवीस डेसिबलचा फिल्टर आणि आवाज खरोखरच जाड. घरगुती स्टुडिओसाठी तो उत्तम. परंतु त्याला पट्ट्या नाहीत, वेगळा कीबोर्ड जोडावा लागतो, आणि त्याला स्मरणशक्ती नाही. एका गाण्यासाठी लावलेला आवाज पुढच्या गाण्यासाठी हाताने पुन्हा लावावा लागतो. मिरवणुकीत दर तीन-चार मिनिटांनी गाणे बदलते, टेम्पो हलत असतो, अंधार असतो. तिथे हे जमणे नाही.

दुसरी अडचण हवामानाची. जुन्या पद्धतीचे व्होल्टेजवर चालणारे ऑसिलेटर तापमान बदलले की सुरातून ढळतात. भाद्रपदात दुपारी ऊन, संध्याकाळी सर आणि रात्री गारवा, असा आपल्याकडचा खाक्या. बेस अर्ध्या श्रुतीने जरी उतरला, तरी बेंजोवाला वैतागतो. नोव्हेशनच्या 'बेस स्टेशन टू'सारख्या यंत्रात ऑसिलेटरचा सूर डिजिटल घड्याळाने बांधलेला असतो, बाकीचा आवाज मात्र अ‍ॅनालॉगच. पंचवीस पट्ट्या, एक सप्तक खाली वाजणारा जादा ऑसिलेटर आणि आवाज साठविण्याची सोय. शुद्धतावादी याला नाक मुरडतील, पण रस्त्यावर वाजविणाऱ्याने खुशाल हाच घ्यावा, असे आमचे मत आहे. ज्याचे बजेट त्याहून लहान, त्याने कॉर्गचा 'व्होल्का बेस' पाहावा. तो बॅटरीवर चालतो, तीन ऑसिलेटर आहेत. बटणे मात्र इतकी बारीक, की ढोलकीच्या दणक्यात बोट चुकणारच.

दुकानात ऐकताना एक चकवा असतो. विक्रेता रेझोनन्सचा नॉब वर नेतो, आवाज चमचमतो आणि गिऱ्हाईक खूश होते. मूगच्या पद्धतीच्या फिल्टरमध्ये रेझोनन्स वाढला की खर्ज कमी होतो. तो नॉब शून्यावर ठेवून ऐकावे.

यंत्राइतकाच प्रश्न स्पीकरचा आहे, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पांढरी एकचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे २६१ कंपनांचा. तिथून दोन सप्तके उतरले की ६५ आणि तिसरे उतरले की जेमतेम ३३. टेम्पोवरच्या नेहमीच्या खोक्यातून ६५ निघते, ३३ जवळजवळ निघतच नाही. जनरेटरची वीज आणि अ‍ॅम्प्लिफायरचा दम तेवढा वाया जातो. याउलट ६५ चा स्वर वरच्या स्वरांशांसह, म्हणजे फिल्टर थोडा उघडा ठेवून वाजविला, तर कान उरलेला पाया स्वतःच भरून काढतो. मूळ स्वर स्पीकरमधून आला नाही, तरी त्याचे वरचे स्वरांश ऐकून मेंदू तो ऐकतो, हे श्रवणशास्त्रातील जुने निरीक्षण आहे.

आता कायद्याचा भाग. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि हे मोजमाप 'ए' पट्टीवर करायचे असते. माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ही पट्टी ते कमी धरते. ४० कंपनांचा स्वर तब्बल ३४ डेसिबलने, ६३ चा २६ डेसिबलने. परिणाम असा, की खिडकीची काच थरथरते, पाळण्यातले मूल दचकते, आणि तरीही पोलिसांच्या मापकावरचा आकडा कानाला वाटतो त्याहून बराच कमी भरतो. डॉल्बीवाल्यांच्या बचावाचे बळ पुष्कळसे येथेच आहे. तोच डाव पथकांनी खेळायचे ठरविले, तर आकड्यांत ते कदाचित सुटतील. पण शेजारच्या आजारी माणसाला आकड्याशी कर्तव्य नसते, आणि त्याने तक्रार केली तर पुढची बंदी बेंजोवर येण्यास वेळ लागणार नाही. यातून मार्ग काढायचा, तर पट्टीचा विचार नियम करणाऱ्यांनाही कधीतरी करावा लागेल. खालच्या स्वरांना सूट न देणारी 'सी' पट्टी मापकांत असतेच.

तूर्त ज्यांना खरेदी करायची आहे, त्यांनी सकाळची कर्जत लोकल पकडून मुंबईतील वाद्यांच्या दुकानांत स्वतः जावे. जाताना पथकातील एक खोका टॅक्सीत टाकून न्यावा. दुकानदार कुरकुरेल, पण त्याच्या काचेआडच्या महागड्या स्पीकरवर यंत्र ऐकून घेतलेला निर्णय खोपोलीच्या रस्त्यावर टिकत नाही. आणि यंत्रासोबत मिळणारा अ‍ॅडॉप्टर जनरेटरच्या खालीवर होणाऱ्या दाबावर थेट लावू नये. मध्ये स्टॅबिलायझर हवा.