खोट फाइलमध्ये नाही

टॅब्लेटवर व्हिडिओ उघडायला जावं आणि पडद्यावर ‘ही फाइल चालवता येत नाही’ एवढीच ओळ यावी, याला मी लबाडी म्हणतो. का येत नाही, कशाची कमतरता आहे, याचा पत्ताच नाही. समोरच्याला वाटतं, फाइल बिघडली असेल किंवा आपल्यालाच काही कळत नसेल. मग तो ‘फ्री व्हिडिओ कन्व्हर्टर’ शोधायला लागतो आणि तिथून त्याची फरफट सुरू होते. बहुतेक वेळा त्या फाइलमध्ये खोट नसते, टॅब्लेटच्या चिपमध्येही नसते. ती असते विकणाऱ्याच्या दानतीत.

एमकेव्ही, एव्हीआय, एमपी४ ही नुसती डब्यांची नावं. आत चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, म्हणजे एमपीईजी-२, एच.२६४, एचईव्हीसी यांपैकी कशाने तरी, आणि आवाज वेगळ्या पद्धतीने. एमकेव्हीच्या डब्यात एच.२६४चं चित्र असेल तर ते उचलून जसंच्या तसं एमपी४मध्ये ठेवता येतं. एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर २००० सालापासून चालत आलंय. त्यात ‘कॉपी’चा पर्याय दिला की अख्खा सिनेमा बघता बघता दुसऱ्या डब्यात जातो आणि चित्राचा एक ठिपकाही बदलत नाही. तीच फाइल कन्व्हर्टरमध्ये घातली तर तो एकेक फ्रेम उलगडून पुन्हा दाबत बसतो. लॅपटॉप तापतो, वेळ जातो आणि हाती येतं ते मुळापेक्षा वाईटच, कारण दाबताना एकदा फेकलेला तपशील परत मिळत नाही. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चित्र दिसतं पण आवाज नाही. तिथे बहुधा आवाज डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीचा असतो आणि टॅब्लेटवरच्या प्लेअरला तो उलगडू दिलेला नसतो. फक्त आवाज एएसी पद्धतीत बदलावा, चित्राला हातही लावू नये, काम झालं. पण हे सांगितलं तर कन्व्हर्टर विकणार कसे?

यंत्राची कुवत असते, परवानगी नसते, याचा पुरावा उघड आहे. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक २०१२ मध्ये आला. त्याच्या चिपला एमपीईजी-२ उलगडता येत होतं, पण ते सुरू करायची किल्ली २ पाउंड ४० पेन्स मोजून वेगळी घ्यावी लागे, कारण पेटंटचे पैसे. निदान त्यांनी ते स्पष्ट सांगितलं. २०१०च्या पहिल्या आयपॅडला एच.२६४ येत होतं, पण एमकेव्हीचा डबा दिसला की तो हात वर करायचा. त्याच वर्षी त्यावर व्हीएलसी हे प्लेअर-ॲप आलं आणि ‘न चालणाऱ्या’ फाइली चालायला लागल्या. जानेवारी २०११ मध्ये परवान्याच्या वादातून ते ॲप स्टोअरवरून गेलं, ते परत यायला जुलै २०१३ उजाडला. मधल्या काळात माणसं रात्र रात्र फाइली कन्व्हर्ट करत बसली.

पेटंटचं कारण जुन्या फाइलींना आता लागूही होत नाही. एसी-३ची पेटंटं २०१७ मध्ये संपली, एमपीईजी-२ची अमेरिकेतली शेवटची पेटंटं २०१८ मध्ये. तरीही लग्नाची डीव्हीडी टॅब्लेटवर घेतली की त्यातल्या व्हीओबी फाइली तो नाकारतोच. टॅब्लेट खरोखरच जुना असेल आणि त्याच्या चिपला एचईव्हीसीची फाइल उलगडता येत नसेल, तर मात्र पुन्हा दाबण्यावाचून गत्यंतर नाही. त्यासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

व्हीओबीचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्या नात्यातल्या एका लग्नाची डीव्हीडी दुकानदाराने ‘टॅबवर चालेल अशी’ करून दिली. पाचशे रुपये घेतले. चार-तीन प्रमाणातलं चित्र ताणून सोळा-नऊ केलेलं, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे रुंद झालेले. लग्नाच्या अशा डीव्हीडीतली फ्रेम बहुधा दोन वेळच्या अर्ध्या अर्ध्या ओळींची बनलेली असते. त्या नीट जुळवून घ्याव्या लागतात. त्याने घेतल्या नव्हत्या. अक्षता टाकणाऱ्या प्रत्येक हातावर आडव्या रेघा. आजीबाई खुर्चीवर बसून आशीर्वाद देताहेत, तेवढ्या क्षणी चित्राचे चौकोन चौकोन झालेले. आणि वर सल्ला दिला, ‘आता डीव्हीडी टाकून द्या.’ घरच्यांनी टाकली. आजी गेल्या, आणि त्यांचं चालतं-बोलतं चित्र उरलं ते एवढंच. याला निष्काळजीपणा म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. पैसे घेऊन केलेली ही नासधूस आहे.

ऑनलाइन कन्व्हर्टरची गोष्ट तर याहून संतापजनक. घरातल्या बारशाचा व्हिडिओ, लहान लेकरांचे चेहरे, सगळं एका अनोळखी सर्व्हरवर चढवायचं आणि तो तिथून पुसला जाईल यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. बदल्यात मिळतो चित्रावर ठसठशीत शिक्का.

सरकारही यात मागे राहिलं नाही. जो प्लेअर जवळपास काहीही उलगडून दाखवतो, त्या व्हीएलसीची अधिकृत वेबसाइट २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने बंद होती. लोकांना कारण सांगितलं गेलं नाही. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये ती खुली झाली. तोवर ज्यांना व्हीएलसी हवं होतं, त्यांना इतर कुठून तरी उतरवून घ्यावं लागलं, म्हणजे भेसळीचा धोका सरकारनेच लोकांच्या पदरात टाकला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मालाचा दर्जा जाणून घेण्याचा हक्क देतो. खोक्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीचे आकडे ठळक छापता येतात, तर हा टॅब्लेट कोणतं चित्र आणि कोणता आवाज उलगडतो, याच्या दोन ओळी मराठीत छापायला काय हरकत आहे? त्या छापणं सक्तीचं करा.

तोवर टॅब्लेट घ्यायला जाताना आपल्या दोन-चार जुन्या फाइली पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा. फाइल चालली नाही तर आधी व्हीएलसी टाकून पाहा, मग डबा बदला, अगदी शेवटी पुन्हा दाबा. आणि मूळ डीव्हीडी, मूळ फाइल, कुणीही कितीही सांगितलं तरी टाकू नका.