मऊ सापडलं म्हणून...

धावण्याच्या बुटांवर मी लिहावं, याचं आधी आमच्या घरातल्यांनाच हसू येईल. वय पंचाहत्तरीला टेकलंय. बीए केलं ते मराठी घेऊन. नोकरीभर व्याकरण नि इतिहास शिकवला. आता सकाळी गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर चालते, तेवढाच माझा व्यायाम. पण गेल्या महिन्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एक पुण्याची भाचेसून, ती साताऱ्याच्या डोंगरावरच्या हाफ मॅरेथॉनची तयारी करतेय. दुसरा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, तो पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटरचा सराव करतोय. प्रश्न असा, की वेगाने धावायच्या सरावाला जाड गादीचे बूट घ्यावेत का?

खरं म्हणजे दोघांच्याही मनात बूट ठरलेलाच होता. तळाला जाडजूड गादी, तिच्या पोटात कार्बनची पट्टी, आणि किंमत वीस हजारांच्या घरात. भाचेसुनेला तो परवडतो. "मावशी, घेऊ ना?" असं विचारताना तिला फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. त्या मुलाला तो परवडत नाही. "बाई, उसने द्याल का? भरती झालो की पहिल्या पगारातून फेडतो," असं तो मान खाली घालून म्हणाला. पैशांचं मी बघेन. पण भरती व्हायला वीस हजारांचा बूट लागतो ही समजूत त्याच्या डोक्यात बसावी, याचं मला वाईट वाटलं. म्हणून नातवाला शेजारी बसवून या विषयावरचं बरंच काही वाचून घेतलं. त्यातून माझं जे मत झालं ते इथे मांडते.

शिक्षिकेची सवय, म्हणून आधी व्याख्या. रोजचं धावणं म्हणजे गप्पा मारत जाता येईल असं. आठवड्यातून एक-दोन दिवस मात्र ही मंडळी वेगाने धावतात. त्यातही दोन प्रकार. एकात वीस-तीस मिनिटं सलग, धाप लागेल पण दम तुटणार नाही अशा वेगाने धावायचं, त्याला टेम्पो म्हणतात. दुसऱ्यात चारशे मीटर जोरात, मग थोडं चालायचं, पुन्हा चारशे मीटर. ते इंटरव्हल. प्रश्न आहे तो या दिवसांच्या बुटाचा. शर्यतीच्या दिवसाचा नव्हे, नि रमतगमत धावण्याचाही नव्हे.

आता गादी. जुन्या बुटात टाचेखाली नुसतं रबर असायचं. १९७०च्या दशकात ईव्हीए नावाचा हलका फोम आला आणि अजूनही बहुतेक बूट त्याच्याच सुधारलेल्या रूपावर चालतात. २०१३ साली आदिदासने बूस्ट नावाचा जास्त उसळी देणारा फोम आणला. २०१७ साली नायकेने वेपरफ्लाय काढला. त्यात अतिशय हलका, उसळणारा फोम आणि कार्बनची पट्टी होती. त्या बुटाने धावणाऱ्याची ऊर्जा सरासरी ४ टक्के वाचते, असं प्रयोगशाळेत मोजलं गेलं. नंतर सगळ्याच कंपन्या त्या मार्गाला लागल्या. शेवटी २०२० साली जागतिक अॅथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला, की रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि पट्टी एकच हवी.

यात मला सगळ्यात रंजक वाटला तो २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग. संशोधकांनी त्या बुटातल्या कार्बनच्या पट्टीला आडवे काप दिले, म्हणजे तिचा ताठपणा घालवला, आणि लोकांना पुन्हा धावायला लावलं. ऊर्जेच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडला नाही! म्हणजे ज्या पट्टीचा एवढा गाजावाजा, तिचा वाटा लहानच. खरी करामत फोमची. आणि चांगला फोम पट्टी नसलेल्या, पुष्कळ कमी किमतीच्या बुटातही मिळतो.

मग जेवढी गादी जाड नि मऊ तेवढं बरं का? इथे आपली म्हण आठवते, मऊ सापडलं म्हणून कोपरानं खणू नये. लहानपणी चिंध्यांचा चेंडू केलेला आठवत असेल. तो हाताला मऊ, पण आपटला की तिथेच बसतो. रबरी चेंडू दाबायला घट्ट, पण लगेच उसळतो. बुटाच्या गादीचं असंच आहे. मऊपणा वेगळा नि उसळी वेगळी. दुकानात अंगठ्याने दाबून आपण मऊपणा बघतो. वेगाने धावताना कामाला येते ती उसळी. हळू धावताना पाऊल साधारण पाव सेकंद जमिनीवर टेकतं, वेग वाढला की त्याहूनही कमी. एवढ्या वेळात गादीने दबायचं आणि परत वर यायचं. नुसती मऊ गादी दबते, पण वेळेवर वर येत नाही, आणि मग ते काम पोटरीला करावं लागतं.

दुसरी गोष्ट. आपलं शरीर हुशार आहे. पायाखाली मऊ लागलं की पाय आपोआप ताठ होतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली बारा जणांना साध्या आणि फार जाड गादीच्या बुटांत धावायला लावलं. ताशी साडेचौदा किलोमीटरच्या वेगाला जाड गादीच्या बुटात पायाला बसणारा पहिला दणका उलट जास्त भरला. माणसं बाराच होती हे खरं, पण इशारा घेण्याजोगा आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत धावणाऱ्या मुलाचा वेग तर ताशी सतरा किलोमीटरच्या पुढे असतो.

म्हणून कडक बूट घ्यावेत का? तेही नाही. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून अधिक हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, पण एक मऊ नि एक कडक, असे बूट वाटले आणि सहा महिने लक्ष ठेवलं. कुणाला कुठला दिलाय हे धावणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. २०२० साली निकाल प्रसिद्ध झाला. कडक बूटवाल्यांना दुखापतीचा धोका सुमारे दीडपट होता. आणखी गंमत म्हणजे मऊ बुटाचा फायदा वजनदार माणसांपेक्षा हलक्या अंगाच्या माणसांना जास्त दिसला. आपण अगदी उलट समजत होतो! भरतीची पोरं बहुतेक काटकुळीच असतात. तेव्हा त्यांना गादी हवीच.

इथे एका गोष्टीबद्दल जरा स्पष्ट बोलते. आपल्याकडे सत्काराच्या भाषणांत अनवाणी धावण्याचं फार कौतुक चालतं. अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकला, हे सगळे सांगतात. तोच बिकिला १९६४ साली टोकियोला बूट घालून जिंकला आणि आधीपेक्षा तीन मिनिटांनी लवकर पोचला, हे कुणी सांगत नाही. नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत अनवाणी धावत वर आली नि २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर तुडवत शाळेत जायचा, त्याने २०२३ साली आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्णपदक जिंकलं. त्यांच्यापुढे मान लवते. पण त्यांचं यश बूट नसल्यामुळे नव्हतं, बूट नसतानाही होतं. या दोन वाक्यांतला फरक मी व्याकरणाच्या तासाला मुलांना समजावत असे. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना मुलं नेत असताना उन्हाने तापलेल्या मैदानावर भाजलेले किती तळवे पाहिलेत मी. गरिबी हा सरावाचा भाग नव्हे.

म्हणजे समजुती दोन, आणि दोन्ही खोट्या. एक म्हणते, महागड्या बुटाशिवाय काही खरं नाही. दुसरी म्हणते, बूट हवेत कशाला. पहिली पोराची हिंमत घालवते, दुसरी त्याची नडगी.

कार्बनच्या पट्टीबद्दल भाचेसुनेलाही माझं सांगणं आहे. शर्यतीच्या दिवशी हौस म्हणून घाल बाई, तुझे पैसे आहेत. पण दर आठवड्याच्या सरावाला नको. ताठ पट्टीमुळे पाऊल नेहमीसारखं वाकत नाही आणि भार वेगळ्याच ठिकाणी पडतो. २०२३ साली काही डॉक्टरांनी असे बूट वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पायाच्या हाडांना झालेल्या दुखापतींची नोंद प्रसिद्ध केली. पाच म्हणजे पुरावा नव्हे, पण विचार करायला पुरे. शिवाय उंच, मऊ नि अरुंद तळ ट्रेडमिलवर ठीक. यवतेश्वरच्या घाटात उतारावरच्या वळणाला घोटा लचकायला वेळ लागत नाही.

तर मग निवडायचं कसं? मॉडेलांची नावं दर वर्षी बदलतात, म्हणून नावं न सांगता कसोट्या सांगते.

दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. धावताना घालता तेच मोजे घाला. उभं राहिल्यावर पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायला हवी. "वापरून वापरून सैल होईल," असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. कोल्हापुरी वहाण चार दिवस चावते नि मग पायाला बसते. धावण्याच्या बुटाला तो न्याय लागू नाही, पहिल्या दिवशी चावला तर तो तुमचा नव्हे.

बूट हातात घ्या. वेगाच्या सरावाला एक बूट साधारण दोनशे ते अडीचशे ग्रॅमचा असावा. पावलावरचं शंभर ग्रॅम ओझं वाढलं की धावायला सुमारे एक टक्का जास्त ऊर्जा लागते. टाच नि चवडा यांच्या उंचीतला फरक विचारा. रोजच्या बुटात तो दहा मिलिमीटर असेल नि नव्यात एकदम चार, तर पोटरी आणि टाचेमागची शीर आठवडाभरात तक्रार करेल. बदल करायचाच तर हळूहळू करावा.

तुमच्या पावलाची कमान बघून बूट ठरवू म्हणतील. अमेरिकेच्या सैन्यदलांनी २०१०च्या सुमारास हजारो नव्या जवानांवर हे करून पाहिलं. कमानीप्रमाणे बूट दिलेल्यांच्या आणि सगळ्यांना एकसारखे बूट दिलेल्यांच्या दुखापतींत विशेष फरक आढळला नाही. त्यापेक्षा कॅलगरी विद्यापीठातले बेन्नो निग म्हणतात ते मला पटतं. तीन-चार जोड घालून बघा, आणि पायाला जो सगळ्यात सुखाचा वाटेल तो घ्या. मात्र उभं राहून नव्हे, धावून बघा. दुकानाबाहेर शंभर पावलं जोरात पळा. लोक बघतील, बघू देत. पाय रुततोय, डुगडुगतोय की आपसूक उचलला जातोय, ते तेवढ्यात कळतं.

जमलं तर दोन जोड ठेवावेत. लक्झेंबर्गच्याच आणखी एका पाहणीत बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापती कमी झालेल्या दिसल्या. पण अंथरूण पाहून पाय पसरावे. एकच जोड परवडत असेल, तर मध्यम गादीचा, हलका, पट्टी नसलेला, रुंद तळाचा बूट घ्यावा. तो हळू धावायलाही चालतो नि जोरात धावायलाही. मातीच्या मैदानावर तोच सगळ्यात विश्वासाचा. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर त्याची गादी मरते, वरून कितीही नवा दिसो. तेव्हा पैसे उरले असतील तर ते दुसऱ्या जोडासाठी राखून ठेवावेत.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. वीस हजार उसने देणार नाही. चार-पाच हजारांत चांगला बूट येतो, तो मी घेऊन देते आणि ते पैसे परत करायचे नाहीत.

शेवटी एक विनंती, खास नातेवाईक मंडळींना. आपल्या गावांत पोरगा किंवा पोरगी भरती झाली की फ्लेक्स लागतो, गुलाल उधळतो, शाल-श्रीफळ होतं. शालीने कुणाचा वेग वाढलेला मी पाहिला नाही. तेच पैसे वर्षभर आधी खर्च करा. तुमच्या ओळखीत कुणी पहाटे अंधारात फाटक्या बुटांनी धावत असेल, तर त्याला बूट घेऊन द्या. फक्त परस्पर आणून हातात ठेवू नका. त्याला बरोबर न्या, चार जोड घालू द्या, दुकानाबाहेर पळू द्या. पाय त्याचे आहेत, निवडही त्याचीच असू दे.