घर घेताना आपली दुकानदारी कुठे जाते?

आमचा व्यापारी बांधव व्यवहारात कच्चा नाही. कापडाचा ताका घेताना तो सूत बोटांनी चोळून पाहतो. भंगाराचा सौदा असला तरी काटा आधी रिकामा करून बघतो. शंभर रुपयांची उधारी वहीत टिपल्याशिवाय गल्ल्यावरून उठत नाही. पण हाच माणूस आयुष्यातले पहिले घर घ्यायला निघाला, की त्याची सगळी दुकानदारी दुकानातच राहते. "बिल्डर ओळखीचा आहे", "आपल्याच मोहल्ल्यातला आहे", एवढ्या भरवशावर वीस-वीस वर्षांची कमाई हातातून जाते. हे आता थांबले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आमच्या परिचयातील एका जरीकाम करणाऱ्या कारागिराची गोष्ट सांगतो. अठरा वर्षे कारचोपावर मान मोडून काम केले, बायकोचे दागिने विकले आणि खाडीपलीकडे एक खोली घेतली. शंभराच्या मुद्रांकावर करार झाला, त्यावर नोटरीचा लाल शिक्का बसला, मिठाई वाटली. तीन वर्षांनी पालिकेची नोटीस आली, इमारत अनधिकृत. कागदांची पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले आणि एकच विचारले, "हे कागद चालतील ना?" आमच्याजवळ चांगले उत्तर नव्हते.

बांधवांनो, नोटरीचा शिक्का म्हणजे मालकी नव्हे. सही याच माणसाने केली, एवढेच नोटरी सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. शंभर रुपये! आणि आपण लाखोंचा सौदा साध्या कागदावर उरकतो. कुलमुखत्यारपत्रावर घर "विकत" घेणाऱ्यांनीही सावध व्हावे. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

"पण अशी खोली स्वस्त पडते" असे म्हणणारे भेटतात. स्वस्त का पडते? कारण त्या किमतीत परवानगी नसते, जमिनीचा निर्वेध हक्क नसतो आणि पुष्कळदा पुरेशी सळई व सिमेंटही नसते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जीव गेले. त्यात मजूर होते, राहायला आलेली कुटुंबे होती, लहान मुले होती. अशी स्वस्ताई आपल्याला परवडणारी नाही.

मग काय पाहावे? जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका पाहावी. ती कुणाच्या नावावर आहे, तिच्यावर बोजा आहे काय, हे वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर वकिलाची फी द्यावी आणि मागील तीस वर्षांचा शोध अहवाल मागावा. ही फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते, पण तिथेच आपण हात आखडतो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मागावे. इमारत तयार असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ते "येणार आहे" असे उत्तर मिळाले, तर पैसेही "येणार आहेत" असे सांगून उठावे.

नवीन बांधकाम असेल तर २०१६ चा रेरा कायदा आपल्या बाजूने आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेवर मिळाला नाही तर रक्कम परत मागता येते. प्रकल्प नोंदलेला आहे की नाही, हे महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसते. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची नाही. आपल्या वस्त्यांतील पुष्कळशी बांधकामे याच मापाची असतात, म्हणून तिथे दुप्पट चौकशी हवी.

दुसरा रोग रोखीचा. अर्धे चेकने, अर्धे हातात. मुद्रांक शुल्क वाचते म्हणून दोघेही खूष! पण सौदा मोडला तर कागदावर असेल तेवढेच परत मागता येते. बाकीच्या रकमेला साक्ष कोण देणार? शिवाय जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

आता नाजूक प्रश्न कर्जाचा. आपल्यातले अनेक जण व्याज टाळतात. रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे २०१७ मध्ये समोर आले, त्यामुळे बँकेतून बिनव्याजी घरकर्जाची वाट नाही. याबाबत प्रत्येकाने आपल्या उलेमांना विचारून निर्णय घ्यावा. तो आमचा विषय नाही. आमचे म्हणणे एवढेच, की व्याज टाळणे म्हणजे कागद टाळणे नव्हे. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील कागद तपासतो. जो बँकेकडे जात नाही, त्याला ही तपासणी स्वतःच करून घ्यावी लागते. बिल्डरशी थेट हप्ते ठरवले असतील तर प्रत्येक हप्ता, त्याची तारीख आणि ताब्याचा दिवस नोंदणीकृत करारातच यायला हवा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा, ही शिकवण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. वहीतली उधारी आपण लिहितो. मग घर का नाही?

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात २०२१ पासून केवळ स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ज्या घरासाठी तिने दागिने दिले, त्या घराच्या दस्तावर तिचे नाव असणे हा उपकार नाही, हिशेब आहे.

ते कारागीर आज पुन्हा भाड्याच्या खोलीत आहेत आणि पुन्हा पैसे साठवत आहेत. इन्शाअल्लाह, त्यांचे दुसरे "पहिले घर" पक्के असेल. पण प्रत्येकाला अठरा वर्षे दोनदा मिळत नाहीत. इसार देण्यापूर्वी आठ दिवस थांबा, कागद मागा, वकिलाला दाखवा. जो विक्रेता कागद दाखवायला रागावतो, त्याचा माल आपण बाजारात घेतला असता काय?