भंगारात निघालेली मराठी

बोरीवलीत सध्या कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होत असते. अशा वेळी भंगारवाल्याकडे पहिल्या फेरीतच जातो तो जुना पीसी. त्यातले काही पीसी डीटीपीच्या कामाचे असतात. दिवाळी अंक, स्मरणिका, कवितासंग्रह यांची पानं पेजमेकरच्या फायलींमध्ये तशीच पडून असतात आणि किलोच्या भावाने जातात.

‘पुस्तक छापलंय ना, मग फाइल कशाला?’ हा नेहमीचा प्रश्न. छापील पान स्कॅन करून ओसीआरला दिलं की जोडाक्षरं आणि रफार कसे घसरतात, ते एकदा बघा. ज्या मजकुराचं प्रूफ एका माणसाने डोळे फोडून तपासलं, त्याचं प्रूफ दुसऱ्याने पुन्हा तपासायचं, ही उधळपट्टी आहे. आणि जे टाइप झालं पण छापलंच गेलं नाही, त्याचं काय?

‘मग युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करा,’ असं म्हणणारे अर्धंच बोलतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, पण आपली छपाई त्यानंतरही कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्यावर चालली. या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येक कंपनीचं कोष्टक वेगळं. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कन्व्हर्टर हवाच, पण त्याआधी फाइल उघडायला हवी. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. आजच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडलीच, तरी पानाची मांडणी विस्कटते. म्हणजे मूळ पेजमेकर हवा, त्यासाठी जुनं विंडोज हवं आणि त्यासाठी जुना संगणक हवा.

तो संगणक फुकट मिळतो. त्याचं नाव क्यूइम्यू. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३मध्ये तो लोकांसमोर आणला. प्रोसेसर, डिस्क, पडदा असं सगळं यंत्र तो सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या सूचना तो दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला समजतील अशा करून देतो. आत चालणाऱ्या विंडोज ९८ला बाहेर काय बदललंय याचा पत्ताच नसतो. याला ‘जुने गेम खेळायचं खेळणं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: तुमच्या फोनवरची ॲप ज्या अँड्रॉइड इम्युलेटरवर तपासली जातात, तोही क्यूइम्यूवरच उभा आहे.

तो ओपन सोर्स आहे, हाच खरा मुद्दा. कनेक्टिक्स कंपनीचं व्हर्च्युअल पीसी मायक्रोसॉफ्टने २००३मध्ये विकत घेतलं आणि पुढे गुंडाळलं. कुलूप जुनं झालं म्हणून आणलेली किल्लीसुद्धा दुसऱ्याच्या मालकीची असेल, तर दहा वर्षांनी आपण पुन्हा दारातच उभे. क्यूइम्यूचा कोड सगळ्यांच्या हातात आहे, कोणीही तो चालू ठेवू शकतो.

‘पण ही पायरसी ना?’ नाही. इम्युलेटर हे रिकामं यंत्र आहे. विंडोज आणि पेजमेकर तुमचेच, रीतसर विकत घेतलेले लागतात. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्येच आहे. बोट दाखवायचंच असेल तर डोंगलकडे दाखवा. संगणकाच्या मागे ती डबी खोचल्याशिवाय काही प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. डबी बिघडली की पैसे मोजलेला माणूसही बाहेर. ज्या जुन्या आवृत्त्या कंपन्या आता विकतही नाहीत, त्यांचं कुलूप त्यांनी स्वतःहून काढावं.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. नाणेघाटातला शिलालेख दोन हजार वर्षांनी वाचता येतो, कारण ब्राह्मी कोणाच्या मालकीची नव्हती. १९९८चा दिवाळी अंक मात्र त्याच्या संपादकालाच उघडता येत नाही.

राज्य मराठी विकास संस्थेने किंवा विद्यापीठांनी यासाठी एक खोली, दोन माणसं आणि चार संगणक द्यावेत. तोवर हे काम आपलं. ओळखीतला डीटीपीवाला किंवा प्रकाशक घर बदलत असेल तर आधी पीसीची हार्डडिस्क काढून घ्या, जशीच्या तशी इमेज काढा. फॉन्टच्या सीडी, परवान्याचे कागद, डोंगल एकाच पिशवीत ठेवा. टेम्पो खाली उभा असताना हे सुचून उपयोग नाही.