व्याख्यान नको, तासिका हवी

ऑनलाइन खेळ रंगात आला होता. समोरचा खेळाडू अनोळखी. पण आधी खेळाचे कौतुक, मग कुठून खेळतेस, मुलगा की मुलगी अशी चौकशी, आणि पाठोपाठ नग्न छायाचित्राची मागणी. तेरा वर्षांच्या मुलीने खेळ तिथेच बंद केला आणि जाऊन आईला सांगितले. अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरातला हा प्रसंग ३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत, राज्य पोलीस मुख्यालयातील सायबर जागृती महिन्याच्या उद्घाटनात सांगितला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तेथे उपस्थित होते. सातवी ते दहावीच्या वर्गांना आठवड्यातून एक सायबर तासिका द्या, ही मागणी अक्षय कुमार यांनी त्यांच्यासमोरच केली.

या प्रसंगात सर्वांत मोलाचे आहे ते मुलीने आईला सांगणे. बहुतेक मुले सांगत नाहीत. सांगितले की आधी ओरडा बसणार, मग मोबाइल काढून घेतला जाणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते. मुलांना फसवणाऱ्यालाही ते ठाऊक असते. त्याचा सगळा धंदा या भीतीवरच चालतो. म्हणून मुलांना यंत्र वापरायला शिकवण्याआधी मोठ्यांनी त्यांचे ऐकून घ्यायला शिकले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवी मुंबईने सायबर शिक्षणाच्या कामात पुढाकार घ्यावा, याला कारण आहे. सायबर गुन्ह्यांसाठीच्या ‘महाराष्ट्र सायबर’ या राज्याच्या यंत्रणेचे मुख्यालय महाप्यात आहे. राज्याची १९४५ ही सायबर हेल्पलाइन आहे, आर्थिक फसवणुकीसाठी देशभर १९३० आहे, अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यालगत, दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांत, घरात मिळून एकच स्मार्टफोन असतो. शाळेचा गृहपाठ त्यावरच येतो, आईचे यूपीआयही त्यावरच असते, आणि वीजबिल भरण्यापासून आलेला ओटीपी वाचून दाखवण्यापर्यंत सगळे घरातले आठवीतले पोर करते. २०२० च्या टाळेबंदीत शाळांनीच मुलांच्या हाती मोबाइल द्यायला लावला. आता तो वापरायला शिकवणे आमचे काम नाही, असे शाळांना म्हणता येणार नाही.

ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांविषयी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२४ चा अहवाल जे सांगतो, ते शहरांनीही वाचावे. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. आठवडाभरात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. पण समाजमाध्यमे वापरणाऱ्यांतील जेमतेम ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक कसे करायचे किंवा त्याची तक्रार कशी करायची हे माहीत होते. आपले खाते खासगी ठेवणे ५५ टक्क्यांनाच येत होते.

आज शाळांत होते ते व्याख्यान. सभागृहात चार-पाच वर्ग एकत्र बसवले जातात, पोलीस अधिकारी किंवा स्वयंसेवी कार्यकर्ते कळकळीने बोलतात, मुले टाळ्या वाजवून वर्गात परततात. त्या गर्दीत कोणती मुलगी हात वर करून म्हणेल, की माझा फोटो कुणाकडे तरी आहे? हे बोलायला रोजची ओळखीची बाई लागते, आणि दर आठवड्याला ठरलेली वेळ लागते. तासिकेत मुलांनी हाताने करून पाहायचे आहे. धमकीचे संवाद घाबरून पुसून टाकायचे नाहीत. स्क्रीनशॉट घ्यायचा, खात्याची लिंक लिहून ठेवायची, मगच ब्लॉक करायचे. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राने २०२३ मध्ये ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा सुरू केली. अठरा वर्षांखालील मुलाचे नग्न छायाचित्र पसरण्याची भीती असेल, तर त्या छायाचित्राचा सांकेतिक ठसा फोनवरच तयार होतो; छायाचित्र फोनबाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या ठशावरून ते शोधून काढून टाकतात. हे माहीत असलेली किती मुले, किती शिक्षक आपल्याकडे आहेत?

प्रश्न केवळ गुन्ह्यांचा नाही. रात्री उशिरापर्यंत रील पाहत बसणे, मग वर्गात पेंगणे, दुसऱ्यांच्या सजवलेल्या फोटोंशी स्वतःची तुलना करून कुढत राहणे, हे पोलिसांच्या कक्षेत येत नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. आम्हाला त्यात भावते ते हे, की फोन मोठ्यांनीही खाली ठेवायचा असतो. हार्बरच्या लोकलने रात्री आठ-नऊला घरी पोचणाऱ्या आईबापांना भोंग्याचे वेळापत्रक पाळता येणार नाही. पण जेवणाच्या ताटावर कुणाच्याही हाती फोन नाही, एवढे तरी खारघर-कोपरखैरण्यातल्या घरांना जमावे.

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी केली. आपल्याकडे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती सक्तीची केली आहे. कायदा हवाच. पण ज्या घरात पालकांचा फोन मूलच चालवते, तिथे पालकांची संमतीही तेच देणार.

तासिकेला जागा नाही, हे कारण टिकत नाही. राज्य मंडळाने नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणी विषय आणलाच ना? मात्र श्रेणी विषयांची वर्षअखेर वही भरून बोळवण होते, हे प्रत्येक पालकाला माहीत आहे. सायबर शिक्षणाची ती गत होता कामा नये. केरळच्या ‘काइट’ या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये सुमारे २० लाख शाळकरी मुलांना खोट्या बातम्या ओळखायला शिकवले, आणि पुढे तो धडा पाठ्यपुस्तकात घातला. आपल्या बालभारतीला हे अवघड नाही.

राज्याचा निर्णय होईपर्यंत नवी मुंबई महापालिकेने थांबू नये. आपल्या शाळांत सातवीपासून आठवड्याला एक तासिका येत्या जूनपासून ठेवावी. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना महाप्याच्या तज्ज्ञांकडून नीट प्रशिक्षण द्यावे आणि त्यांना वर्षभर इतर सरकारी कामांना जुंपू नये. मूल फोन घेऊन आले तर आधी कोण ऐकून घेईल, त्या शिक्षकाचे नाव प्रत्येक वर्गात लावावे. पालकसभेत निकालाइतकाच वेळ या विषयाला द्यावा. शिक्षण विभागाचे परिपत्रक उन्हाळी सुट्टी लागण्याआधी निघाले, तर जूनमध्ये शाळा उघडताना वेळापत्रकात ही तासिका असेल.